जंतशुद्धीचे संच विकणाऱ्यांना खुले पत्र : आधी जंताचे नाव सांगा

प्रति,
जंतशुद्धीचे व पोटशुद्धीचे संच तयार करणारे, विकणारे आणि समाजमाध्यमांवर त्यांचा प्रचार करणारे सर्व जण यांस,

विषय : मुलांसाठी काढलेले जंतशुद्धी संच मागे घेण्याबाबत आणि तपासणीविना केल्या जाणाऱ्या दाव्यांबाबत.

स. न. वि. वि.

गेली तेवीस वर्षे मी रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते आणि त्यातली बहुतेक वर्षे माझ्या टेबलावर विष्ठेचेच नमुने आले आहेत. काडीच्या टोकावर मावेल एवढी विष्ठा एका थेंबभर सलाइनमध्ये कालवायची, तेवढीच दुसऱ्या थेंबात आयोडिनमध्ये, वर पातळ काच ठेवायची आणि मग ती काचपट्टी शेत नांगरावे तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने पाहत जायची, असे हे काम आहे. त्याबद्दल चारचौघांत कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. आज सांगावे लागते आहे, कारण आजवर मोठ्यांच्या भीतीवर चालणारा तुमचा व्यवसाय आता मुलांपर्यंत पोचला आहे. गोड चवीचे थेंब, बाटलीवर हसणारे चित्र आणि ‘प्रत्येक मुलाच्या पोटात जंत असतातच’ हे वाक्य, असा संच माझ्या बहिणीच्या घरी मी स्वतः पाहिला. त्यानंतर गप्प बसणे मला जमले नाही.

आधी तो प्रसंग सांगते, कारण त्यात चूक फक्त तुमची नाही.

माझी भाची सहा वर्षांची आहे. ती रात्री झोपेतून उठून रडायची, बसायच्या जागी खाजवायची आणि दिवसा चिडचिड करायची. बहिणीने तिच्या विष्ठेची तपासणी करून घेतली. ती आमच्या प्रयोगशाळेत झाली नव्हती. बहिणीने अहवाल मला फोनवर वाचून दाखवला. त्यात काहीही आढळले नव्हते. मी घाईत होते. “अहवाल स्वच्छ आहे, जंत नाहीत,” एवढे बोलून मी फोन ठेवला. खाज कधी येते, रात्रीच येते का, हे मी विचारले नाही. ते विचारले असते तर पुढचे काहीच घडले नसते, कारण रात्रीची खाज म्हटली की सुतासारखे बारीक पांढरे जंत आधी आठवावेत हे माझ्या क्षेत्रात पहिल्या वर्षाला शिकवतात. या जंताची मादी जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते. ती रात्री गुदद्वाराबाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, आणि म्हणूनच ती अंडी विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीत बहुधा सापडत नाहीत. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, मूल शौचाला जाण्यापूर्वी आणि धुण्यापूर्वी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावावी लागते.

माझ्या उत्तराने बहिणीचे समाधान झाले नाही आणि ते होण्याजोगे नव्हतेच. तिने तुमच्यापैकी एकाची प्रश्नावली भरली. प्रश्न असे होते : मूल दात खाते का, चिडते का, जेवताना नखरे करते का, डोळ्यांखाली काळे दिसते का. ज्या घरात मूल आहे त्या घरात याची उत्तरे ‘हो’ येणारच. निकाल आला की जंतांचा भार जास्त आहे आणि तीन महिन्यांचा संच घ्यावा. मूल आठ आठवडे ते थेंब घेत होते. तिला जुलाब सुरू झाले, तेव्हा विक्रेत्याने कळवले की जंत मरताना असेच होते, थांबू नका. वजन घटले, शाळा बुडली. सर्वांत वाईट म्हणजे आपल्या आत किडे आहेत आणि ते आपल्याला खात आहेत हे तिच्या मनात एवढे बसले की ती झोपायला घाबरू लागली. “मावशी, ते रात्री जागे असतात ना?” असे तिने मला विचारले तेव्हा मी चिकटपट्टी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसली, एका बाजूने चपटी, पाहणाऱ्याला एकदा कळली की कधी न चुकणारी. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल दिले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक मात्रा दिली, कारण हे औषध जिवंत जंत मारते, अंड्यांवर त्याचा भरवसा नसतो. घरातल्या सगळ्यांनीच औषध घेतले, नखे कापली, अंथरुणे-पांघरुणे गरम पाण्यात धुतली. तीन आठवड्यांत मूल शांत झोपू लागले.

तुम्ही म्हणाल, पाहा, जंत होतेच की! माझी बहीणही हेच म्हणाली, आणि ते खरेच आहे. जंत आहेत हे तुम्ही बरोबर सांगितलेत आणि मी चूक सांगितले. पण तुम्ही ते प्रत्येकालाच सांगता, म्हणून कधीतरी ते बरोबर येते. कोणता जंत, हे तुम्ही सांगितले नाही, आणि तेवढेच सांगणे उपयोगाचे होते. माझी तुमच्यासंबंधीची मूळ तक्रार हीच आहे.

ती आता तपशिलाने मांडते.

पहिला मुद्दा ‘सगळे परजीवी एका बाटलीत’ या दाव्याचा. आतड्यात राहणारे परजीवी ही एक जात नाही. काही अनेकपेशीय कृमी आहेत, काही एका पेशीचे जीव, आणि त्यांची शरीरात शिरण्याची वाट, राहण्याची जागा व मरण्याचे औषध ही तिन्ही वेगवेगळी असतात. मोठा गोलकृमी वीस ते पस्तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. त्याच्या अळ्या आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येऊन पुन्हा गिळल्या जातात, असा त्यांचा फेरा असतो. अंकुशकृमी तोंडावाटे येतोच असे नाही. तो अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याच्या भिंतीला धरून रक्त पितो. हे कातडीतून शिरणे आर्थर लूस या जर्मन परजीवीतज्ज्ञांना कैरोमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले ते अपघाताने : अळ्यांचे पाणी त्यांच्या हातावर सांडले, कातडी लाल झाली, आणि काही काळाने त्यांच्या स्वतःच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी दिसू लागली. त्यांनी प्रश्नावली भरली नव्हती, स्वतःची विष्ठा तपासली होती. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६८१ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक यांनी जुलाब झाले असताना स्वतःच बनवलेल्या भिंगाखाली स्वतःचीच विष्ठा पाहिली आणि आज आपण ज्याला जिआर्डिया म्हणतो तो एकपेशीय जीव हलताना पाहिला. या जिआर्डियावर टिनिडाझोल किंवा मेट्रोनिडाझोल लागते, पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल, स्ट्राँगिलॉइड्स नावाच्या सूक्ष्म कृमीवर आयव्हरमेक्टिन. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. वैद्यकाला एवढ्या वेगवेगळ्या किल्ल्या लागतात, तिथे तुमच्या एकाच किल्लीने सगळी कुलुपे कशी उघडतात, हे एकदा समजावून सांगावे.

यातला स्ट्राँगिलॉइड्स तर तुमच्या जाहिरातींत मला कधी दिसला नाही, आणि खरी भीती बाळगावी असा जंत तोच आहे. तो शरीरातल्या शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करतो, त्यामुळे कित्येक दशके गुपचूप राहू शकतो. मग एखाद्या वेगळ्याच आजारासाठी त्या माणसाला स्टेरॉइड दिले गेले, की तो बेसुमार वाढून जिवावर उठतो. ‘मी दर वर्षी जंतशुद्धी करतो’ अशा समजुतीत असलेला माणूस डॉक्टरांना आपल्या जुन्या त्रासाबद्दल सांगणार नाही. हा धोका तुमच्या बाटलीवर कुठेही छापलेला नाही.

दुसरा मुद्दा तुमच्या छायाचित्रांचा. शौचातून पडलेले लांब, बुळबुळीत, दोरीसारखे तुकडे हातमोज्यात धरून ‘पाहा काय बाहेर आले’ असे तुम्ही दाखवता. असे तुकडे बरण्यांत भरून लोक आमच्याकडे आणतात. मी ते धुऊन, फोडून, भिंगाखाली पाहिले आहेत. जंताला कातडी असते, स्नायू असतात, पट्टकृमी सोडला तर आतडेही असते, मादी असेल तर पोटात अंडी असतात. या दोऱ्यांत यातले काहीच नसते. असतो तो चिकट स्राव, आतड्याच्या अस्तराच्या गळालेल्या पेशी, न पचलेले तंतू आणि तुमच्याच संचातला इसबगोल व बेंटोनाइट माती. इसबगोल आणि ही माती पाणी शोषून फुगतात, आतड्याच्या आकाराचा साचा घेतात आणि दोरीसारख्या बाहेर पडतात. आतड्याचे अस्तर तर निरोगी माणसातही तीन ते पाच दिवसांत नवे होत असते, स्राव तर ते संरक्षणासाठीच तयार करते. म्हणजे तुम्ही जे विकता तेच बाहेर पडते, आणि ते पाहून माणूस पुढचा संच मागवतो. याला व्यापारातली हुशारी म्हणता येईल, पण वैद्यकीय पुरावा म्हणता येणार नाही. एका गृहस्थांनी तीन वर्षांत साठवलेल्या अशा सात बरण्या माझ्यापुढे ठेवल्या होत्या. त्यांत जंत नाही हे ऐकून त्यांना आनंद होईल असे मला वाटले होते. ते रडले.

तिसरा मुद्दा थोडक्यात सांगते, कारण तो सरळ आहे. तुमच्या संचातली माती आणि तेलकट रेचके आमच्या तपासणीत अडथळा आणतात. काचपट्टीवर कण आणि तेलाचे थेंब पसरले की अंडी व पुटिका (एकपेशीय परजीवींचे कवचबंद रूप) ओळखणे कठीण होते. आधी शुद्धी आणि मग तपासणी, या तुमच्या सल्ल्याने निदानाची वाटच बुजते.

चौथा मुद्दा ‘जंत मरतानाच्या त्रासा’चा. उपचारानंतर काही तासांत ताप-थंडी येण्याची जी प्रतिक्रिया यारिश आणि हर्क्सहायमर यांच्या नावाने ओळखली जाते, ती सिफिलिससारख्या मळसूत्री जिवाणूंच्या रोगांतली आहे आणि साधारण एका दिवसात ओसरते. तिचे नाव उसने घेऊन तुम्ही आठवडेच्या आठवडे चालणारे जुलाब, चक्कर, पुरळ आणि अशक्तपणा यांचा खुलासा करता. जंतांच्या औषधानंतर थोडी पोटदुखी किंवा मळमळ होऊ शकते हे मी नाकारत नाही. पण संचात सोनामुखीसारखे रेचक असेल तर जुलाब त्या रेचकाने होतात, आणि त्यातून शरीरातले पाणी, सोडियम व पोटॅशियम जाते. औषध लागू पडले तर श्रेय तुमचे आणि अपाय झाला तरी तोही गुण येण्याचीच खूण, अशी मांडणी केली की ग्राहकाला थांबायला कारणच उरत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे मला अक्षम्य वाटते.

पाचवा मुद्दा ‘नैसर्गिक’ या शब्दाचा, आणि इथे माझा गैरसमज करून घेऊ नये. वनस्पतींबद्दल मला आकस नाही. २०१५ चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार संपूर्णपणे परजीवींवरच्या औषधांसाठी दिला गेला : निम्मा तू यूयू यांना आर्टेमिसिया या वनस्पतीतून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन वेगळे केल्याबद्दल, आणि उरलेला सातोशी ओमुरा व विल्यम कँबेल यांना, मातीतल्या जिवाणूपासून अव्हरमेक्टिन (वर सांगितलेले आयव्हरमेक्टिन याच्यापासूनच बनते) मिळवल्याबद्दल. दोन्ही औषधे निसर्गातलीच आहेत. फरक इतकाच की त्यांतले नेमके द्रव्य वेगळे केले गेले, मात्रा ठरली, माणसांवर काटेकोर चाचण्या झाल्या. तुमच्या बाटलीतला वर्मवुड त्याच आर्टेमिसिया कुळातला आहे. त्यातले थुजोन हे द्रव्य जास्त मात्रेत गेले तर झटके येऊ शकतात, आणि गरोदरपणात ही वनस्पती टाळायची असते. एका थेंबात थुजोन किती, हे तुमच्यापैकी कोणी छापले आहे? मी पाहिलेल्या बाटलीवर फक्त ‘शुद्ध अर्क’ असे होते.

सहावा मुद्दा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाच्या वापराचा. ‘वर्षातून दोनदा जंतनाशक घ्या असे जागतिक संघटनाच सांगते’ हे वाक्य तुम्ही अर्धेच उद्धृत करता. मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे १५० कोटी लोकांना आहे, हे खरे. म्हणूनच त्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना आहे. पण ती ज्या भागात मुलांमधली लागण २० टक्के किंवा त्याहून अधिक आहे त्या भागासाठी वर्षातून एकदा, आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तिथे दोनदा, अशी आहे. औषधही ठरलेले आहे : अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोलची एक मात्रा, दोन वर्षांखालच्या बालकांना अल्बेंडाझोलची निम्मी. त्यात तीन महिन्यांचा संच नाही, पौर्णिमेची तिथी नाही (पौर्णिमेला जंत चळवळ करतात हा शोध तुमचाच) आणि तुमची बाटली तर नाहीच नाही. शिवाय ती मोहीम स्वच्छतागृहे, पाणी आणि हात धुणे यांच्या सोबतीने चालवायची असते, कारण औषधाने पोट रिकामे झाले तरी माती दूषितच राहिली तर काही महिन्यांत लागण परत येते.

आणि इथेच तुम्ही पचनाच्या आरोग्याबद्दल जे बोलत नाही ते नोंदवायला हवे. गोलकृमीची अंडी मातीत दोन-तीन आठवडे पिकल्याशिवाय लागण करू शकत नाहीत; म्हणजे शौचालय वापरले आणि विष्ठा मातीत गेलीच नाही तर त्याचा फेरा तुटतो. अंकुशकृमीला पायातली चप्पल अडवते. जिआर्डियाच्या आणि क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या एकपेशीय परजीवीच्या पुटिका पाण्यातल्या क्लोरिनला सहजासहजी दाद देत नाहीत, दुसऱ्याच्या तर जवळपास अजिबातच नाहीत, पण पाणी खळखळ उकळून एक मिनिट ठेवले, आणि उंच डोंगराळ भागात तीन मिनिटे, की दोन्ही मरतात. मद्यार्काचा हात-निर्जंतुक द्रव अंडी आणि पुटिकांवर फारसा चालत नाही. साबण आणि वाहते पाणी त्यांना हातावरून काढून टाकते. मांस पूर्ण शिजवणे, कच्च्या भाज्या नीट धुणे, मुलांची नखे आखूड ठेवणे, एवढ्यावर बरेचसे संरक्षण होते. यातले काहीच बाटलीत भरता येत नाही, म्हणून ते तुमच्या प्रचारात येत नाही, असे मला वाटते. चूक असेन तर दाखवून द्यावे.

आता आमच्या बाजूची कबुली, कारण ती दिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. लोक तुमच्याकडे उगाच येत नाहीत. महिनोन्‌महिने पोट फुगते, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि दवाखान्यात दोन मिनिटांत ‘मनाचे आहे’ म्हणून बोळवण होते. आम्ही एकच नमुना तपासून ‘काही आढळले नाही’ असा शिक्का मारतो, जेव्हा परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नसल्याने वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने पाहायला हवेत. रोगकारक अमीबा आणि त्याचा निरुपद्रवी जुळा भाऊ सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात (ते दोन वेगळे आहेत हे १९९३ मध्ये रीतसर मांडले गेले), तरीही अहवालात सरसकट ‘अमीबा’ लिहिले जाते आणि माणूस नको ते औषध खातो. जिआर्डिया गेल्यावरही आतडे काही आठवडे दूध सहन करत नाही, हे रुग्णाला कोणी सांगत नाही. त्याला वाटते, जंत अजून आहेतच. आणि मी स्वतः फोनवर काय केले ते वर लिहिले आहे. तुम्ही त्या माणसाचे ऐकून घेता, हे तुमचे बळ आहे. ते मान्य करून मी म्हणते की ऐकून घेतल्यावर त्याला तपासणीकडे पाठवणे हे तुमचे कर्तव्य होते. विष्ठेत रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्ताची कमतरता, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब ही लक्षणे तुमच्या प्रश्नावलीत ‘जंतांचा भार’ वाढवतात. खरे तर ती दिसताच विक्री थांबून माणूस डॉक्टरांकडे गेला पाहिजे, कारण त्यांच्या मागे आतड्याचा दाह किंवा कर्करोगही असू शकतो आणि तिथे गेलेले महिने परत मिळत नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

मुलांसाठीचे सर्व संच बाजारातून मागे घ्यावेत आणि गरोदर स्त्रियांना विक्री करू नये. प्रत्येक बाटलीवर प्रत्येक घटकाचे नेमके प्रमाण, त्यातले रेचक कोणते आणि ते कोणी घेऊ नये हे ठळक छापावे. कोणत्या परजीवीवर हा संच चालतो त्याचे नाव लिहावे आणि माणसांवर झालेली चाचणी दाखवावी. चाचणी नसेल तर ‘जंत’, ‘परजीवी’, ‘कृमी’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत. दोऱ्यांची छायाचित्रे प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय दाखवू नयेत. प्रश्नावलीत वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी एकही आले, तर खरेदीचे बटण बंद होऊन डॉक्टरांना भेटण्याची सूचना दिसावी. ‘त्रास होतोय म्हणजे गुण येतोय’ हे वाक्य कोणत्याही ग्राहकाला, कोणत्याही रूपात पाठवू नये, आणि आजवर ज्यांना पाठवले त्यांना ते चूक असल्याचे कळवावे.

जे स्वतः विकत नाहीत, केवळ मोबदला घेऊन आपला अनुभव सांगतात, त्यांनी त्या अनुभवापूर्वीचा आणि नंतरचा तपासणी अहवाल सोबत दाखवावा, आणि मोबदला घेतल्याचे त्याच चित्रफितीत सांगावे.

तुमच्यापैकी कोणाला आपल्या संचाने खरोखर जंत पडतात याची खात्री असेल, तर बाहेर पडलेले ते तुकडे कोणत्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावेत, अहवाल जसाच्या तसा जाहीर करावा, आणि त्यात जंत निघाला तर त्याचे नाव सर्वांना वाचता येईल असे छापावे. तुमचे उत्तर मला खासगीत नको आहे. ज्या पानांवर तुम्ही संच विकता त्याच पानांवर ते द्यावे, म्हणजे माझ्या बहिणीसारख्यांना ते वाचता येईल.

कळावे,

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ